खेळाडूला दमवून खेळ मोकळा होत नाही

२००० सालच्या हंगामात मेलबर्नचा एसेंडन हा संघ हरणंच विसरला होता. सलग वीस सामने जिंकून तो एकविसाव्या फेरीत वेस्टर्न बुलडॉग्जसमोर उतरला. बुलडॉग्जचा कोच टेरी वॉलेस याच्याकडे एसेंडनच्या तोडीचे खेळाडू नव्हते, म्हणून त्याने वेगळाच घाट घातला. चेंडू एसेंडनच्या हाती गेला रे गेला की आपल्या जवळपास सगळ्या खेळाडूंनी मागे धावत सुटायचं आणि गोलसमोर दाटी करायची. एसेंडनचे फॉरवर्ड एरवी मोकळ्या जागेत झेपावून चेंडू झेलायचे. त्या दिवशी ती जागाच शिल्लक नव्हती. एसेंडन हरला. पुढे विजेतेपद त्यानेच घेतलं, आणि अख्ख्या हंगामात हरला तो हा एवढा एकच सामना. त्या डावपेचाला 'फ्लड', म्हणजे पूर, हे नाव चिकटलं आणि पुढची पंचवीस वर्षं ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या कारभाऱ्यांना त्याने स्वस्थ झोपू दिलेलं नाही.

वॉलेसने कुठलाही नियम मोडला नव्हता. मोडायला नियमच नव्हता.

आपल्याकडे हा खेळ फारसा कुणी पाहिलेला नसतो. मेलबर्न क्रिकेट ग्राउंड म्हटलं की आपल्याला बॉक्सिंग डेची कसोटी आठवते. पण त्या मैदानावर हिवाळाभर, आठवड्यामागून आठवडे, जी माणसं भरतात ती 'फूटी' बघायला येतात. एका बाजूने अठरा खेळाडू. मैदान क्रिकेटचंच, लंबगोल, आणि त्याची मापंही एकसारखी नाहीत: लांबी १३५ ते १८५ मीटर, रुंदी ११० ते १५५. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू लाथेने गेला तर गोल, सहा गुण. बाजूच्या बुटक्या खांबाच्या आतून गेला तर 'बिहाइंड', एक गुण. चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण मधूनमधून तो जमिनीवर आपटावा लागतो. फेकायला बंदी, एका तळहातावर धरून दुसऱ्या मुठीने ठोसून द्यायचा, हा 'हँडबॉल'. पंधरा मीटर किंवा त्याहून लांबून लाथाडलेला चेंडू कुणी अधांतरी झेलला तर तो 'मार्क', आणि झेलणाऱ्याला निवांत फटका मिळतो. टॉम विल्स हा गडी मुळात क्रिकेटपटू. हिवाळ्यात क्रिकेटपटूंची अंगं जड होऊ नयेत म्हणून त्याने १८५८ मध्ये वर्तमानपत्राला पत्र लिहिलं आणि १८५९ मध्ये मेलबर्न क्लबाने दहा नियम कागदावर उतरवले. त्या दहांत ऑफसाइड नव्हता. आजही नाही.

या एका अभावात सगळा खेळ आहे. कुणीही, कधीही, कुठेही उभं राहू शकतं. मग दीडशे वर्षं छत्तीसच्या छत्तीस माणसं चेंडूमागे का लोटली नाहीत? उत्तर साधं आहे: पाय साथ द्यायचे नाहीत. एवढ्या अवाढव्य मैदानावर आपल्या गोलसमोर बचाव करणाऱ्या फुलबॅकने पुढच्या टोकापर्यंत धावत जायचं आणि परत यायचं म्हटलं तर दुसऱ्या क्वार्टरलाच तो आडवा होईल. म्हणून प्रत्येक जण आपापल्या जागेच्या आसपास राहायचा. थकवा हाच या खेळातला न लिहिलेला ऑफसाइड होता.

आणि तो ऑफसाइड रद्द केला तो हा खेळ चालवणाऱ्या लीगनेच, नकळत. १९३० मध्ये एकोणिसावा आणि १९४६ मध्ये विसावा राखीव खेळाडू आला तेव्हा रीत अशी होती की बाहेर गेलेला माणूस परत येत नाही. १९७८ मध्ये इंटरचेंज आलं: बाहेर जा, दम खा, परत या. आधी दोन खेळाडू बाकावर, १९९४ पासून तीन, १९९८ पासून चार. सुरुवातीला बाक दुखापतीसाठीच वापरला जायचा. मग क्लबांमध्ये क्रीडाविज्ञानाची माणसं आली, घड्याळं आणि जीपीएस आले, आणि कुणाच्या तरी लक्षात आलं की मिडफिल्डरला पाच-सहा मिनिटं जीव तोडून पळवून बाहेर काढलं तर तो पूर्ण सामना वेगात पळू शकतो. २००७ मध्ये एका संघाच्या एका सामन्यातल्या अदलाबदली साठच्या आसपास होत्या. २०१० मध्ये त्या शंभराच्या पार गेल्या. त्याच वर्षी मिक मॉल्टहाउसच्या कॉलिंगवूडने बाकाचा असा सपाटून वापर करून आणि समोरच्या संघाला त्याच्याच अर्ध्यात कोंडून विजेतेपद जिंकलं. अंतिम सामना बरोबरीत सुटला होता, ६८-६८. तो पुन्हा खेळवावा लागला आणि दुसऱ्यांदा कॉलिंगवूडने सेंट किल्डाला ५६ गुणांनी धुतलं.

म्हणजे पूर आणायला लागणारं पाणी बाकावरून येत होतं. लीगला हे दिसलं, हे मान्य. पण त्यावर तिने जो उपाय काढला तो मला आजही पटत नाही, आणि हा लेख त्याबद्दलच आहे. लीगने ठरवलं की खेळाडूंना पुन्हा दमवायचं.

२०११ मध्ये चारपैकी एक इंटरचेंज काढून त्या जागी एकदाच वापरायचा बदली खेळाडू आणला. २०१४ मध्ये अदलाबदलींवर मर्यादा आली, १२०. २०१६ मध्ये ती ९० झाली आणि बदली खेळाडू गेला. २०२१ मध्ये ७५. दर वेळी दिलेल्या कारणांत आणखीही काही असायचं. एखाद्या संघाचा खेळाडू जायबंदी झाला तर त्याच्यावर अन्याय नको, ताजेतवाने खेळाडू जास्त वेगाने एकमेकांवर आदळतात, वगैरे. यातलं दुसरं कारण मी हसण्यावारी नेणार नाही. शंभर किलोचा ताजा माणूस अंगावर येणं आणि दमलेला येणं यात फरक असतोच. पण मूळ हिशेब लपलेला नव्हता. माणसं दमली की मागे धावणार नाहीत. मागे धावली नाहीत की गोलसमोर जागा मोकळी होईल. जागा मोकळी झाली की गोल वाढतील, आणि गोल वाढले की टीव्हीवाले खूश, प्रेक्षक खूश.

झालं काय? १९८२ मध्ये संघामागे सामन्याला सरासरी ११२ च्या आसपास गुण होत होते. २०१९ मध्ये ती सरासरी ८० वर आली. जवळपास पन्नास वर्षांतला तो नीचांक. मर्यादा १२० वरून ९० वर आणूनही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तसं.

असं का व्हावं, याचं उत्तर कोचच्या खुर्चीत बसून बघितलं तर लगेच सापडतं. थकवा फक्त बचाव करणाऱ्याला येत नाही. गोलकडे जाणाऱ्याचेही पाय जड होतात, त्याची किक दोन मीटर आखूड पडते, हातातून चेंडू निसटतो, आणि निसटलेल्या चेंडूवर आठ-दहा जण तुटून पडतात. म्हणजे ज्या गर्दीपासून सुटका हवी होती तीच पुन्हा. दुसरं असं की कोच काही हातावर हात धरून बसत नाही. माणसं दमणार असतील तर तो त्यांना पुढे मोकळं सोडत नाही, त्यांचं धावणं वाचवतो. माणसामागे माणूस धावण्याऐवजी सगळा संघ एका जाळ्यासारखा एकत्र सरकवतो. जाळं मागे-पुढे होतं, पण प्रत्येकाच्या वाट्याला अंतर कमी येतं. चेंडू मिळाला की आखूड-आखूड किक मारून एकमेकांत खेळवत बसतो, कारण चेंडू आपल्याकडे असतानाच श्वास घ्यायला फुरसत मिळते. आणि तिसरं, जे मला सगळ्यात जास्त खटकतं: तो वेगळी माणसं निवडतो.

दरवर्षी सतरा-अठरा वर्षांच्या मुलांची निवड होते तेव्हा दोन किलोमीटरच्या धावेची वेळ मांडून ठेवलेली असते. बाकावरून हवा तितका दम परत मिळत नसेल तर तो मुळातच फुप्फुसात असलेला मुलगा घ्यावा, हे ओघानेच आलं. मग ज्याचे हात जादूचे आहेत पण जो लांब धावू शकत नाही, तो मुलगा कुठे जाणार? टोनी लॉकेटने कारकिर्दीत १३६० गोल केले. हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. लॉकेट आडदांड होता, गोलच्या आसपास राहायचा आणि तिथून जगाला घाबरवायचा. तो आज सतरा वर्षांचा असता तर त्याची दोन किलोमीटरची वेळ बघून किती जणांनी नाक मुरडलं असतं, असा विचार माझ्या मनात हटकून येतो. एका हंगामात शंभर गोल करणारा शेवटचा खेळाडू लान्स फ्रँकलिन, २००८ मध्ये. त्यानंतर कुणीच नाही. दमवण्याच्या धोरणाने फुलफॉरवर्डला, म्हणजे गोलसमोर उभं राहून गोल करणाऱ्याला, जागा मोकळी करून द्यायची होती. प्रत्यक्षात दाटीही तशीच राहिली आणि त्याला संघात घेण्याचं कारणही कमी झालं.

आता कुणी म्हणेल, मग लीगने हात जोडून बसायचं का? डावपेच कुरूप झाले तर होऊ द्यायचे? असं म्हणणारी मंडळी आहेत, आणि त्यांच्याकडे चांगले दाखले आहेत. २००५ मध्ये पॉल रूसच्या सिडनी स्वान्सचा खेळ इतका चिवट आणि कंजूष होता की लीगचे तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी अँड्र्यू डेमेट्रिऊ यांनी जाहीरपणे त्याला नावं ठेवली. त्याच सिडनीने त्याच वर्षी अंतिम सामना ५८-५४ असा जिंकला, शेवटच्या क्षणी लिओ बॅरीने गर्दीतून उंच उडी घेऊन चेंडू झेलला म्हणून. त्या झेलाचा फोटो आजही लोक भिंतीवर लावतात. बहात्तर वर्षांनी मिळालेलं विजेतेपद कुरूप होतं असं सिडनीत कुणाला सांगून बघा. शिवाय दोनच वर्षांनी जिलाँगने या पुरावर उतारा शोधला: जोखीम घेऊन, झपाट्याने हँडबॉल करत, पूर जमायच्या आत त्यातून निघून जायचं. नियम न बदलता. त्याच्याही आधी, १९७० च्या अंतिम सामन्यात, कार्लटन मध्यंतराला ४४ गुणांनी मागे होता. १ लाख २१ हजार ६९६ प्रेक्षकांसमोर कोच रॉन बॅरासीने खेळाडूंना बजावलं, काय वाट्टेल ते करा पण हँडबॉल करा. कार्लटन १० गुणांनी जिंकला आणि खेळाची चालच बदलली. शेरास सव्वाशेर भेटतो, थोडा धीर धरा, असा हा पक्ष.

मी त्या पक्षाचा पूर्ण नाही. काही वेळा नियम बदलावा लागतो आणि बदललेला नियम कामही करतो. फक्त कोणते बदल टिकले ते बघायला हवं.

१९२५ मध्ये नियम आला की चेंडू सीमेबाहेर गेला तर ज्या संघाचा हात-पाय त्याला शेवटचा लागला त्याच्याविरुद्ध फ्री किक. तोवर अडचणीत आलेला संघ चेंडू सरळ कुंपणाकडे ढकलायचा. ती सोय बंद झाली. चेंडू मैदानाच्या मधून जाऊ लागला, म्हणजे थेट फुलफॉरवर्डच्या दिशेने. १९२९ मध्ये गॉर्डन कॉव्हेंट्रीने १२४ गोल मारले. एका हंगामात शंभरी गाठणारा त्या लीगमधला तो पहिला. १९३४ मध्ये बॉब प्रॅटने १५०. सगळं श्रेय नियमाला देणं प्रॅटवर अन्याय होईल, तो माणूस हवेत तरंगायचा म्हणतात. पण चेंडू त्याच्यापर्यंत पोचत होता हेही खरं. १९३९ मध्ये हा नियम गेला. १९६९ मध्ये त्याचा धाकटा भाऊ आला: किक मारलेला चेंडू टप्पा न पडता थेट बाहेर गेला तर फ्री किक. १९७१ मध्ये पीटर हडसनने प्रॅटची बरोबरी केली, १५० गोल. तिसरं उदाहरण १९७३ चं. मैदानाच्या मध्यावर चेंडू उसळवून खेळ सुरू व्हायचा, तिथे दोन्ही संघ झुंबड करायचे. लीगने मध्यावर चुन्याने एक चौकट आखली, आधी हिऱ्यासारखी तिरकी, मग १९७५ पासून सरळ चौरस, आणि सांगितलं की चेंडू उसळेपर्यंत आत एका संघाचे चारच. झुंबड संपली. पन्नास वर्षं झाली, ती रेघ अजून तिथेच आहे आणि तिच्याबद्दल कुणाची तक्रार नाही.

या तिन्हींत साम्य काय? तिन्ही नियम मैदानावरच्या रेघेबद्दल आहेत. चेंडू बाहेर गेला की नाही, माणूस चौकटीत होता की नाही, हे शंभर मीटरवर बसलेल्या पोरालाही दिसतं. कोचला पळवाट काढायला जागा कमी, आणि खेळाडूच्या शरीरावर भार शून्य.

याउलट नियमाने खेळाडूच्या मनात डोकवायचं ठरवलं की काय होतं ते २००८ ने दाखवलं. त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात हॉथॉर्नने १८ गोल ७ बिहाइंड केले, ११५ गुण. जिलाँगने ११ गोल २३ बिहाइंड, ८९. त्या २३ पैकी ११ बिहाइंड जिलाँगने मारलेच नव्हते. हॉथॉर्नच्या बचावपटूंनी चेंडू मुद्दाम स्वतःच्याच रेषेपलीकडे नेला होता. एक गुण द्यायचा, पण त्या बदल्यात चेंडू आपल्याकडे घेऊन निवांत नव्याने सुरुवात करायची. ११ गुणांत अकरा वेळा सुटका. कुठल्याही वाण्याला पटेल असा सौदा. त्याच हंगामात रिचमंडच्या जोएल बाउडनने वेळ काढायला हाच प्रकार केला होता. २००९ मध्ये नियम झाला: मुद्दाम केलं तर फ्री किक, तीही गोलच्या तोंडावर. पण 'मुद्दाम' कसं ठरवायचं? दोन माणसं अंगावर आली असताना चेंडू मागे सरकवला तर चालतं, एकच असेल तर कदाचित नाही. अंपायरने क्षणात खेळाडूच्या मनातलं वाचायचं. सीमेबाहेर मुद्दाम घालवलेल्या चेंडूचंही तसंच. तिथे कसोटी बदलत बदलत 'चेंडू आत ठेवायचा पुरेसा इरादा दिसला नाही' इथवर आली. इरादा दिसतो कुठे, कपाळावर?

फूटीच्या प्रेक्षकाला यातलं एकच शस्त्र माहीत आहे. कुणी पकडला गेला की स्टँडमधून हजारो गळ्यांतून एकच आरोळी येते, 'बॉऽऽऽल!' म्हणजे याने चेंडू धरून ठेवला, याला शिक्षा द्या. आपल्या खेळाडूला पकडलं असेल तर तीच माणसं तितक्याच खात्रीने गप्प असतात. मीही त्यांतलाच.

रेघ बघायची की मन वाचायचं, या कसोटीवर अलीकडचे नियम घासून बघितले तर निकाल सरसकट लागत नाही. २०१९ चा ६-६-६ घ्या. दर गोलनंतर मध्यावरून खेळ सुरू होताना दोन्ही संघांचे सहा जण बचावात, सहा मध्ये, सहा आक्रमणात असलेच पाहिजेत. एकदिवसीय क्रिकेटमधलं तीस यार्डांचं वर्तुळ जे करतं तेच हे करतं. त्याने गुणांची सरासरी वाढली नाही, २०१९ चा आकडा वर दिलाच आहे. खेळ सुरू झाल्यावर काही सेकंदांत सगळे कुठेही धावू शकतात, त्यामुळे ती वाढणारही नव्हती. पण शेवटच्या दोन मिनिटांत चार गुणांनी पुढे असलेल्या संघाला आता मध्यावरून खेळ सुरू होताना आपल्या गोलसमोर दोन जास्तीची माणसं लपवता येत नाहीत. हरणाऱ्या संघाला एक खरीखुरी संधी मिळते. मला तेवढं पुरे आहे.

२०२१ चा 'स्टँड' नियम मात्र मला आवडत नाही. मार्क झेलणाऱ्यासमोर जो प्रतिस्पर्धी उभा राहतो त्याने अंपायर 'स्टँड' म्हणाला की जागचं हलायचं नाही, नाहीतर पन्नास मीटरची शिक्षा, म्हणजे चेंडू गोलच्या दिशेने तेवढा पुढे. हेतू हा की झेलणाऱ्याला तिरका फटका मारायला वाट मिळावी. सुरुवातीला चेंडू जरा वेगाने फिरला. मग कोचांनी त्या माणसाला समोर उभंच राहू नकोस, चार पावलं मागे जा असं शिकवलं. तिथे तो मोकळा असायचा, हवा तसा हलायला. नियमाचा जीव गेला, शिक्षा तेवढी राहिली: एक पाऊल चुकलं की पन्नास मीटर, म्हणजे बहुधा एक गोल. गुन्हा आणि दंड यांचं इतकं विचित्र प्रमाण दुसऱ्या कुठल्या खेळात मला आठवत नाही.

खेळाडूंच्या शरीरासाठी केलेले नियम मी या वादातून बाहेर ठेवतो, आणि ते ठेवायलाच हवेत. खेळ सुरू होताना चेंडूसाठी उडी घेणारे उंच गडी, म्हणजे रकमन, लांबून धावत येऊन मध्यावर एकमेकांच्या गुडघ्यांवर आदळायचे, गुडघ्यातला मागचा अस्थिबंध तुटायचा. २००५ मध्ये दहा मीटरचं वर्तुळ आखून त्यांची धाव तोडली. लांब उडी घेणारे रकमन मागे पडले, ढकलाढकली करणारे दांडगे पुढे आले. डावपेच बदलले, पण गुडघे वाचले. २०१२ मध्ये चेंडूसाठी घसरत आलेल्या खेळाडूखाली सिडनीच्या गॅरी रोहनचा पाय मोडला. तो ज्याने टीव्हीवर पाहिला तो विसरलेला नाही. पुढच्या वर्षी गुडघ्याखाली जोरात आदळायला बंदी आली. जुने लोक म्हणाले, जमिनीवरच्या चेंडूसाठी जीव टाकणं हाच तर या खेळाचा धर्म. असेल. २०२३ च्या बाद फेरीत किक अडवायला हवेत झेपावलेला ब्रेडन मेनर्ड मेलबर्नच्या अँगस ब्रेशॉवर आदळला, मेनर्ड निर्दोष सुटला, आणि ब्रेशॉ पुन्हा कधी खेळला नाही. २०२४ च्या सुरुवातीला डॉक्टरांच्या सल्ल्यावरून तो निवृत्त झाला. त्यानंतर हवेत उडी घेऊन किक अडवणाऱ्याची जबाबदारी वाढवली गेली. डॅनी फ्रॉली, शेन टक, आणि हँडबॉलला शस्त्राचं रूप देणारा ग्रॅहम फार्मर या तिघांच्याही मेंदूत, मृत्यूनंतरच्या तपासणीत, डोक्यावरच्या वारंवार आघातांनी होणारा सीटीई हा आजार सापडला. अशा वेळी खेळ थोडा मवाळ झाला म्हणून गळा काढण्यात अर्थ नाही.

पण मग हाच प्रश्न लीगला उलट विचारता येतो. खेळाडूच्या डोक्याची आणि गुडघ्याची काळजी घेणारी लीग त्याच्या दमण्याला साधन म्हणून कशी वापरते? एका सामन्यात बारा-चौदा किलोमीटर धावणाऱ्या माणसाला मुद्दाम कमी विश्रांती द्यायची, कारण तो दमलेला बघायला बरा दिसतो, हे जरा मोठ्याने वाचून बघा.

बाकावरच्या माणसाचीही एक गोष्ट यात आहे. २०११ ते २०१५ या काळातला बदली खेळाडू हिरवं बनियन घालून बसायचा. त्याच्यासाठी बाहेर काढलेला लाल बनियन घालायचा. एकोणीस वर्षांचा पोरगा, पहिला सामना, आईवडील दुसऱ्या राज्यातून विमानाने आलेले, आणि तो तीन क्वार्टर हिरव्या बनियनमध्ये सायकल मारत बसलेला. २०२१ मध्ये वैद्यकीय कारणासाठी बदली खेळाडू परत आला, २०२३ मध्ये कारणाची अटही गेली. आयपीएलमधल्या इम्पॅक्ट प्लेयरवरून आपल्याकडे जो वाद झाला तो आठवा. नियम आला करमणुकीसाठी, आणि रोहित शर्माने २०२४ मध्ये उघड सांगितलं की यामुळे अष्टपैलू खेळाडूंचं नुकसान होतंय, शिवम दुबेला गोलंदाजी मिळत नाही. नियम कागदावर संघाचा असतो, पण त्यातून कुणाची कारकीर्द वाढते आणि कुणाची आखडते. समितीत बसलेल्यांना ते दिसायला दोन-तीन हंगाम लागतात, आणि बारा-पंधरा सामन्यांत ज्याची कारकीर्द संपते त्याच्याकडे तेवढे हंगाम नसतात.

२०२६ च्या हंगामासाठी लीगने पुन्हा पत्ते पिसले आहेत. मध्यावर चेंडू जमिनीवर आपटून उसळवायची शतकभराहून जुनी प्रथा बंद. अंपायर तो आता वर फेकणार. याचं मला थोडं वाईट वाटतं. ओल्या मैदानावर चेंडू भलतीकडेच उसळला की स्टँडमध्ये जो हशा पिकायचा तो गेला. पण अंपायरच्या पाठीचा विचार केला तर तक्रार करवत नाही. दोन्ही टोकांना गोलपासून पन्नास मीटरवर आखलेल्या कमानींच्या मधल्या पट्ट्यात किक किंवा हँडबॉल करून चेंडू बाहेर घालवला तर समोरच्याला फ्री किक. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या एसएएनएफएल या स्पर्धेत असा नियम २०१६ पासून आहे, महिलांच्या स्पर्धेतही आधीच आला होता. त्याआधीची वाट १९२५ पर्यंत मागे जाते. इरादा वाचायचा नाही, रेघ बघायची. उशीर झाला, पण याचं स्वागत.

आणि बाक? बदली खेळाडू गेला, इंटरचेंज चारचे पाच झाले. बरं झालं. मर्यादा मात्र ७५ वरच ठेवली. मैदानावरचे अठरा आणि बाकावरचे पाच मिळून तेवीस माणसं, चार क्वार्टर, म्हणजे क्वार्टरला एकोणीसही अदलाबदली नाहीत.

माझं म्हणणं असं की ही मर्यादा काढून टाकावी, किंवा इतकी वर न्यावी की कोचने ती मोजायचं सोडून द्यावं. आणि गर्दीचाच बंदोबस्त करायचा तर तो रेघांनी करावा. २०२१ मध्ये व्हीएफएल या दुय्यम स्पर्धेत तसा प्रयोग झाला होता: खेळ थांबून पुन्हा सुरू होताना, ठरलेल्या प्रसंगी, दोन्ही संघांचे तीन-तीन खेळाडू दोन्ही टोकांच्या कमानीत असलेच पाहिजेत. लगेच ओरड झाली की फूटीचं नेटबॉल करून टाकाल, जिथे खेळाडू ठरलेल्या पट्ट्यांतच बांधलेले असतात. ही भीती पोकळ नाही. कुठेही उभं राहायचं स्वातंत्र्य हाच या खेळाचा प्राण आहे, आणि अंपायरला आणखी बारा माणसं मोजायला लावणं हेही काही फुकट नाही. पण थांबलेला खेळ सुरू होईपर्यंत तीन माणसं एका कमानीत उभी राहिली आणि मग सुटली, तर ते स्वातंत्र्य कुठे हरवतं? मध्यावरच्या चौकटीने १९७३ पासून नेमकं तेच केलंय. असा प्रयोग एका दुय्यम स्पर्धेत पूर्ण दोन हंगाम चालवून बघावा, कोचांना त्यात पळवाटा शोधू द्याव्यात, आणि मगच वर आणावा.

तोवर दर शनिवारी चौथ्या क्वार्टरला तेच दिसणार. दोन गुणांचा फरक, चार मिनिटं बाकी, पोटरीला गोळा आलेला मिडफिल्डर कुंपणापाशी वाकून स्वतःच पाय चोळतोय, बाकावर पाच जण टाचा आपटत बसलेत, आणि कोचच्या शेजारी बसलेली मुलगी बोटांनी दाखवतेय की आपल्या पंच्याहत्तर झाल्या.